बाहेरून येणारा पैसा

"त्यांचं काय, त्यांना बाहेरून पैसा येतो!"

नगर जिल्ह्यात मिशनची शाळा, दवाखाना किंवा एखादं नवं कौलारू देऊळ दिसलं, की हे वाक्य कुणाच्या तरी तोंडून निघतंच. कधी त्यात हेवा असतो, कधी संशय, कधी नुसतीच सवय. मी राहुरी तालुक्यातल्या एका ख्रिस्ती घरात वाढलो आणि पुढे तीसेक वर्षं बँकेच्या ग्रामीण शाखांत नोकरी केली. त्यामुळे हे वाक्य मी लहानपणी शाळेच्या आवारात ऐकलं आणि मोठेपणी काउंटरच्या आतल्या बाजूनंही ऐकलं. बोलणाऱ्याला विचारावं, की बाबा, 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठं? देतं कोण? आणि आलेल्या पैशाचं पुढे होतं काय? तर उत्तर येत नाही. आज त्याच प्रश्नांकडे जरा सावकाश पाहू.

आधी दोन शब्द समजून घेऊ. कॅथलिकांच्या व्यवस्थेत गावपातळीवरचा घटक म्हणजे धर्मग्राम. एक देऊळ, एक-दोन फादर आणि आसपासच्या पाच-पंचवीस वाड्यावस्त्यांतली ख्रिस्ती कुटुंबं, एवढा त्याचा पसारा. असे अनेक धर्मग्राम मिळून एक धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप. आपला जिल्हा, आताचा अहिल्यानगर, पूर्वी पुणे धर्मप्रांतात होता. पुणे धर्मप्रांत १८८६ सालचा. १९८७ साली त्यातून नाशिक वेगळा झाला आणि नगर त्याच्याकडे गेलं. पण धर्मप्रांत कागदावर स्थापन झाला म्हणजे त्याच्या तिजोरीत पैसा आला, असं होत नाही. युरोपातल्या धर्मप्रांतामागे शतकानुशतकांच्या जमिनी, देणग्या आणि जर्मनीसारख्या देशात तर सरकारनं वसूल करून दिलेला चर्चकर असतो. आपल्याकडे धर्मग्रामस्थ म्हणजे शेतमजूर, ऊसतोडणी कामगार, फार तर चार एकर कोरडवाहूचा मालक. त्यांच्या दानपेटीत फादरचा रॉकेलचा खर्चही निघत नसे. मग हे चालत कसं होतं?

त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, १८५४ साली, मुंबई-पुण्याकडचं कॅथलिक मिशन जर्मन जेझुइट पंथाच्या फादरांकडे सोपवण्यात आलं. १८७२ साली जर्मनीत बिस्मार्कनं जेझुइटांवर बंदी घातली, त्यांना देशाबाहेर काढलं. घरातून हाकललेली शिकलीसवरलेली माणसं मग दूरदेशीच्या मिशनांकडे वळली. आपल्याकडे १८७६ ते ७८ असा दख्खनचा भयंकर दुष्काळ पडला होता. त्याच्या शेवटी, १८७८ च्या सुमारास फादर ओटो वाइसहाउप्ट नगर भागात आले आणि राहुरी तालुक्यातल्या केंदळला मिशनचं काम उभं राहिलं. आमच्या आजीला ते नाव कधी नीट उच्चारता आलं नाही. ती आपली 'पहिले फादर' म्हणायची.

नगरमध्ये मिशन ही गोष्ट तेव्हा नवी नव्हती. अमेरिकन मराठी मिशनची प्रोटेस्टंट मंडळी १८३१ पासून शहरात होती. त्यांच्यामागे अमेरिकेतल्या गावागावांतली चर्चं होती. रेव्हरंड टिळकांच्या नगरमधल्या वास्तव्यामुळे तो इतिहास मराठी वाचकाला बराच ठाऊक आहे. कॅथलिकांचा तितका नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. या मिशनांकडे आले ते प्रामुख्यानं त्या वेळच्या महार आणि मांग वस्त्यांमधले लोक. दुष्काळात धान्य मिळालं म्हणून आले, असं म्हणतात, आणि ते संपूर्ण खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही. धान्य संपल्यावरही ते राहिले, कारण मिशनच्या शाळेत पोरगं बाकावर बसत होतं आणि फादर घरात येऊन पाणी पीत होते. 'पोटार्थी' हा शब्द त्यांच्या वाट्याला आला. ज्यांच्या पोटात होतं, त्यांनी तो दिला.

आता पैशाची वाट पाहू. फ्रान्समधल्या लिऑन शहरात पॉलिन जारिको नावाच्या तरुण बाईनं रेशीम कारखान्यातल्या कामगार बायकांना हाताशी धरून एक पद्धत बसवली होती. दहा-दहा जणींचा गट करायचा, प्रत्येकीनं आठवड्याला एक 'सू', म्हणजे आपल्याकडचा पैसा म्हणा, द्यायचा आणि तो मिशनसाठी पाठवायचा. भिशीसारखंच, फक्त पाळीनं कुणालाच परत मिळत नसे. १८२२ साली त्यातून एक मोठी संस्था उभी राहिली. शंभर वर्षांनी, १९२२ मध्ये, ती रोमला नेण्यात आली आणि १९२६ पासून ऑक्टोबर महिन्यातला एक रविवार जगभर 'मिशन रविवार' म्हणून पाळला जाऊ लागला. त्या दिवशी प्रत्येक देवळात जमणारं दान मिशनसाठी जातं. म्हणजे 'बाहेरचा पैसा' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे जो एखादा धनाढ्य साहेब उभा राहतो, तो त्या काळात फारसा नव्हताच. होत्या त्या गिरणीतल्या बाया, डोंगरातले गवळी आणि खाऊचे पैसे देणारी शाळकरी पोरं.

दुसरी वाट जरा वेगळी, आणि ख्रिस्तेतरांना सहसा माहीत नसलेली. कुणी मयत झालं, आजारी पडलं, की कॅथलिक माणूस फादरांना त्या निमित्तानं मिस्सा अर्पण करायला सांगतो आणि त्यासाठी थोडी दक्षिणा देतो. नियम असा, की एका मिस्साला एकच दक्षिणा. युरोपातल्या भरल्या धर्मग्रामांत अशा निमित्तांची रीघ लागायची, तिथल्या फादरांना ती पुरी करणं शक्य नसे. मग त्यातली काही निमित्तं, दक्षिणेसह, मिशनमधल्या फादरांकडे पाठवली जात. आल्प्सच्या पायथ्याशी कुणा म्हातारीनं नवऱ्याच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून दिलेले चार पैसे असे समुद्र ओलांडून यायचे आणि तिच्या नवऱ्याची आठवण आपल्याकडच्या एखाद्या वाडीत, कुडाच्या देवळात, मराठीतून घेतली जायची. त्या दक्षिणेवर फादरचं जेवणखाण चाले.

या व्यवस्थेला पहिला मोठा धक्का बसला तो पहिल्या महायुद्धात. जर्मन माणूस म्हणजे शत्रू, मग तो फादर का असेना. योगायोग असा, की इंग्रज सरकारनं जर्मन नागरिकांना कोंडण्यासाठी जी मुख्य छावणी उघडली ती नगरलाच. ज्या जिल्ह्यात जर्मन मिशनऱ्यांनी देवळं बांधली, तिथंच जर्मन माणसं तारेच्या कुंपणाआड बसली. १९१५-१६ मध्ये जर्मन मिशनऱ्यांना बोटीनं परत पाठवलं गेलं. पुण्याचे बिशप हाइनरिख डोरिंग यांचं उदाहरण पाहा. त्यांना १९२१ साली जपानात हिरोशिमाला नेमलं गेलं आणि १९२७ साली ते पुन्हा पुण्याला आले. मधली वर्षं इथली माणसं वाट पाहत होती.

पुढच्या दशकांत पुणे मिशनमध्ये स्विस जेझुइट वाढत गेले. स्वित्झर्लंड तटस्थ देश, त्यामुळे त्यांना कुणी कोंडत नसे. इथंही एक गंमत आहे. खुद्द स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत जेझुइटांवर बंदी होती! १९७३ साली सार्वमत घेऊन ती उठवली, तोवर ती कागदावर कायम होती. म्हणजे ज्या पंथाला स्वतःच्या देशात उजळ माथ्यानं शाळा काढता येत नव्हती, त्या पंथाच्या फादरांना तिथले साधे कॅथलिक लोक वर्गणी काढून नगर-संगमनेरला पोसत होते.

मी स्वतः या साखळीच्या अगदी शेवटच्या टोकाला होतो. पाचवीपासून मिशनच्या बोर्डिंगात राहिलो. आमच्यातल्या बऱ्याच मुलांचा खर्च युरोपातलं एकेक कुटुंब उचलायचं. वर्षातून दोनदा, नाताळाला आणि ईस्टरला, पत्र लिहायचं. फळ्यावर मजकूर लिहिलेला असे, आम्ही तो उतरवायचो. मी बरा आहे, अभ्यास चांगला चालला आहे, आपल्यासाठी प्रार्थना करतो. फादर त्याखाली त्यांच्या भाषेत दोन ओळी जोडत. उत्तरात बर्फाच्या डोंगराचं चित्र असलेलं कार्ड यायचं. एकदा त्या बाईंनी विचारलं होतं, तुझ्याकडे गाई किती आहेत? त्यांच्या घरी बारा होत्या म्हणे. आमच्या घरी एक शेळी होती. काय लिहावं मला कळेना. शेवटी एकही नाही असं न लिहिता मी शेळीचं नाव लिहून पाठवलं. त्या बाई श्रीमंत होत्या असं तेव्हा वाटायचं. पुढे बँकेत कर्जाचे अर्ज तपासू लागलो तेव्हा लक्षात आलं, बारा गाईंचा डोंगरातला शेतकरी म्हणजे त्यांच्याकडचा बेताचाच माणूस.

बोर्डिंगचा हा आधार आमच्यासाठी चैनीचा नव्हता, याचं एक कारण कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंना मिळाल्या. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती झालेल्या दलितांना त्या आजही नाहीत. त्यांना इतर मागासवर्गात धरलं जातं. प्रश्न अजून न्यायालयात आणि आयोगापुढे आहे. म्हणजे गावानं जात सोडली नाही, सरकारनं मात्र ती सुटली असं मानलं. शेजारच्या घरातल्या मुलाला शिष्यवृत्ती मिळे, माझ्या वर्गमित्राला नाही. ती पोकळी त्या बारा गाईंच्या घरानं भरली. हे योग्य होतं असं मला वाटत नाही. एका नागरिकाच्या शिक्षणाचा भार हजारो मैलांवरच्या परक्या कुटुंबानं का उचलावा? पण उचलला, हे खरं.

आपल्या भागाच्या दृष्टीनं पुढचं वळण सर्वांत महत्त्वाचं आहे. १९५८ साली जर्मनीतल्या बिशपांनी, कोलोनचे कार्डिनल फ्रिंग्स यांच्या पुढाकारानं, 'मिझेरिओर' नावाची संस्था काढली. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात लोकांनी पोटाला चिमटा काढून वाचवलेला पैसा जगातल्या भूक आणि रोगराईविरुद्ध वापरायचा, ही कल्पना. १९५९ सालच्या पहिल्याच संकलनात तीन कोटी मार्कांहून अधिक रक्कम जमली. महायुद्धात बेचिराख झालेला तो देश, लोकांच्या आठवणीत स्वतःची उपासमार ताजी होती. स्वित्झर्लंडमध्येही १९६१ पासून उपवासकाळाचा असाच निधी सुरू झाला. पण रकमेपेक्षा मोठी गोष्ट होती ती मिझेरिओरची अट. हा पैसा धर्मप्रसारासाठी नाही. जो गरजू असेल त्याला, त्याचा धर्म न विचारता. देऊळ बांधायचं, फादर शिकवून तयार करायचे, त्यासाठी वेगळी थैली. विहीर, दवाखाना, शेती यांसाठी ही वेगळी थैली. पुढे जर्मन सरकारही चर्चच्या विकाससंस्थांमार्फत निधी देऊ लागलं, तेव्हा या दोन थैल्यांमधली भिंत आणखी पक्की झाली. 'बाहेरून पैसा येतो' म्हणणाऱ्याला या दोन थैल्या एकच वाटतात. बँकेत बसल्यावर तसं चालत नाही. तिथं प्रत्येक रकमेला तिचं कारण चिकटलेलं असतं आणि त्या कारणाबाहेर खर्च झाला तर लेखापरीक्षकाची लाल पेन्सिल येतेच.

या दुसऱ्या थैलीचा उपयोग नगर जिल्ह्यात ज्या माणसानं केला त्याचं नाव फादर हर्मन बाखर. स्वित्झर्लंडचे, जन्म १९२४ चा, १९४८ साली भारतात आले आणि आपल्या जिल्ह्यात रमले. १९६० च्या दशकात त्यांनी नगरला 'सोशल सेंटर' सुरू केलं. कोरडवाहू शेतकऱ्याला विहीर आणि पंप मिळाला की तो उभा राहील, हा त्या काळचा सर्वमान्य विचार. सरकारचाही तोच, बँकांचाही तोच. १९७२ च्या दुष्काळानं त्याला आणखी जोर आला. त्या वर्षी आम्ही अमेरिकेतून आलेला लाल मिलो खाल्ला. भाकरी थापली की चिरायची आणि गिळताना घशात अडायची. सुकडीसाठी रांगेत उभं राहायचं. बांधावर खडी फोडायची. फुकट वाटण्यापेक्षा कामावर धान्य द्यायचं, विहिरी खोदायच्या, हे तेव्हा अनेक ठिकाणी झालं.

विहीर म्हणजे काय असतं, हे ज्यानं यारी लावून, सुरुंग उडवून, काळा पाषाण फोडून पन्नास फुटांवर ओल पाहिली आहे त्यालाच कळेल. ज्याच्या रानात विहीर लागली त्याचं घर बदललं. पोरं ऊसतोडीला जायची थांबली. पण पंधरा-वीस वर्षांत दुसरी बाजू पुढे आली. विहिरी वाढल्या, पंप वाढले, त्याच पाण्यावर ऊस उभा राहिला, आणि पावसानं जमिनीत मुरणारं पाणी होतं तेवढंच राहिलं. साठ फुटांची विहीर आटली की आडवं बोअर, ते आटलं की उभं बोअर. मी स्वतः कोरड्या विहिरींवरची थकलेली कर्जं पाहिली आहेत. फाइलवर 'विहीर पूर्ण' असा शेरा, आणि प्रत्यक्षात तळाशी बाभळीचं रोप. शिवाय विहीर ज्याच्याकडे जमीन आहे त्याचीच. भूमिहीनाला तिचं पाणी नुसतं पाहायचं. दान कितीही चांगल्या मनानं आलं तरी ते जमिनीच्या मालकीच्या रेषेवरूनच वाहतं, ही गोष्ट मला त्या फाइलींनी शिकवली.

फादर बाखरांचं मोठेपण मला यात दिसतं, की ते विहिरीला चिकटून राहिले नाहीत. विहीर भरायची तर डोंगरमाथ्यापासून सुरुवात केली पाहिजे, हा विचार जिल्ह्यात राळेगणसिद्धीनं आधीच करून दाखवला होता आणि पुढे हिवरे बाजारनंही दाखवला. बाखरांनी हेच काम अनेक गावांत करता येईल अशी यंत्रणा बसवण्यासाठी खटपट केली. त्यातून भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम आकाराला आला. पैसा आला तो जर्मन सरकारचा, त्यांच्या केएफडब्ल्यू या विकास बँकेमार्फत, आणि इकडे तो नाबार्डकडून गावाच्या पाणलोट समितीकडे जायचा. गावकऱ्यांना तयार करण्याच्या कामासाठी १९९३ साली बाखर आणि क्रिस्पिनो लोबो यांनी 'वॉटर' ही संस्था उभी केली. लक्षात घ्या, आता हा चर्चचा पैसा राहिला नव्हता. जर्मन करदात्याचा होता. पण चाळीस वर्षं ज्या ओळखीतून वर्गणी यायची, त्याच ओळखीनं हे दार उघडलं.

या कार्यक्रमाची रचना एका माजी बँकवाल्याला फार आवडण्यासारखी होती. पैसा थेट हातात नाही. आधी गावानं काही दिवस श्रमदान करून दाखवायचं, मग चर्चा. मजुरीतला सोळा टक्के वाटा श्रमदानाचा. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी. माथा ते पायथा काम: आधी डोंगरावर समतल चर आणि झाडं, मग बांधबंदिस्ती, शेवटी नाल्यावरचे बंधारे. बंधारा हा फोटोत छान दिसतो, म्हणून पुढाऱ्यांना तो आधी हवा असतो. तो शेवटी का, हे समजावण्यात कार्यकर्त्यांची वर्षं गेली. वरून वाहून येणारी माती अडली नाही तर दोन पावसाळ्यांत बंधारा गाळानं भरतो, एवढं साधं कारण. पण ते पटायला डोंगर चढावा लागतो.

संगमनेर तालुक्यातलं मेंढवण हे सुरुवातीच्या गावांपैकी एक. त्याच तालुक्यातल्या दरेवाडीत १९९६ पासून पाचेक वर्षं काम झालं. दरेवाडी म्हणजे उन्हाळ्यात टँकरवर जगणारी, माणसं कामाला बाहेर जाणारी वाडी. शेतात काम वर्षातून तीन-चार महिने. काम झाल्यानंतर ते नऊ-दहा महिन्यांवर गेलं आणि टँकर थांबला. २००५ साली वॉशिंग्टनच्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटनं जगातल्या गरिबीवर जो अहवाल काढला त्यात दरेवाडीचं उदाहरण आहे. आमच्या संगमनेरच्या पठारावरची एवढीशी वाडी, तिथं पोचली.

मात्र त्याच दरेवाडीची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे, आणि ती त्या अहवालातही आहे. चराईबंदी झाली तेव्हा त्रास कुणाला झाला? ज्याला जमीन, त्याच्या बांधाला माती अडली, विहिरीला पाणी आलं. धनगराची मेंढरं मात्र त्या डोंगरावर चरायची. डोंगर बंद म्हणजे त्याचा गल्लाच बंद. भांडणं झाली, बैठका बसल्या. एकदम सगळा डोंगर बंद न करता टप्प्याटप्प्यानं बंद करायची तडजोड काढावी लागली. काहींनी मेंढरं कमी केली. जळणाला जाणाऱ्या बायांना लांब जावं लागलं. भूमिहीनांना चर खोदण्याची मजुरी मिळाली, हे खरं. पण काम संपल्यावर मजुरी संपली आणि विहिरीचं पाणी मालकाकडेच राहिलं. सोळा टक्क्यांचं श्रमदान सगळ्यांनी केलं, पण ज्याला त्याचं फळ सर्वांत कमी, त्याच्या घामाचा भाव सर्वांत जास्त पडला. पाणलोटाच्या यशाच्या भाषणांत हा हिशोब क्वचित ऐकू येतो. म्हणून मी तो इथं मांडतो. काम वाया गेलं असं मी म्हणत नाही, अजिबात नाही. टँकरमागे हंडे घेऊन धावलेल्या बाईला विचारा. पण मदतीचा हिशोब करताना पैसा कुठून आला याइतकंच, अट कुणाच्या पाठीवर पडली हेही पाहायला हवं.

फादर बाखर साठ वर्षं इथं राहून म्हातारपणी स्वित्झर्लंडला परतले आणि २०२१ साली तिथं गेले. त्यांच्यासारखे परदेशी फादर आता जिल्ह्यात येत नाहीत. फादर आणि बिशप इथलेच आहेत.

पैशाची वाटही बदलली. परदेशी देणग्यांचा कायदा १९७६ पासून आहे, २०१० साली नवा आला, आणि २०२० च्या दुरुस्तीनं तो बराच कडक झाला. आता परदेशातली प्रत्येक देणगी आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच ठरावीक शाखेत उतरते. नगरच्या संस्थेनंही तिथं खातं उघडायचं. व्यवस्थापनावर वीस टक्क्यांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. पूर्वी ही मर्यादा पन्नास टक्के होती. आणि एका संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पैशावर देखरेख हवी, हे बँकेत आयुष्य घालवलेला माणूस नाकारणार नाही. पण शेवटच्या नियमाचा परिणाम पाहा. पूर्वी शहरातली मोठी संस्था पैसा घेई, हिशोब सांभाळी आणि अकोले किंवा पाथर्डीच्या डोंगरातल्या छोट्या मंडळाला कामापुरता देई. त्या छोट्या मंडळाकडे दिल्लीचं खातं आणि लेखापरीक्षक कुठून येणार? आणि कार्यकर्त्याचा पगार 'व्यवस्थापना'त मोडला, तर गावकऱ्यांबरोबर डोंगर चढायचा कुणी?

तिकडंही दिवस फिरले आहेत. जर्मनीत २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक लोकांनी कॅथलिक चर्च अधिकृतपणे सोडलं. तिथं चर्च सोडणं म्हणजे चर्चकर बंद. जे राहिले ते बहुतेक वयस्क. फादर व्हायला तरुण मिळत नाहीत, आणि म्हणून आता भारतातले अनेक फादर जर्मनी-स्वित्झर्लंडमधल्या धर्मग्रामांत सेवा करतात. तिथल्या म्हातारीच्या नवऱ्याचा मिस्सा आता तिच्याच देवळात भारतातून आलेला फादर अर्पण करतो, तिच्या भाषेतून.

आणि आपल्याकडे? मिशन रविवार आपल्या देवळांतही पाळला जातो, हे सांगायचं राहिलं. पोसला जाणारा धर्मग्रामही त्या दिवशी देतो, ही जुनी रीत आहे. लहानपणी आमची आई पदराच्या गाठीतून दहा पैसे काढून द्यायची. ज्यांच्याकडे पैसे नसत ते पायली-अर्धपायली बाजरी आणून वेदीपाशी ठेवत. मिस्सा झाल्यावर तिचा लिलाव व्हायचा आणि बहुधा गावातलाच कुणी मराठा किंवा माळी शेतकरी ती चढ्या भावानं घ्यायचा. अजूनही ऑक्टोबरातल्या त्या रविवारी केंदळला, राहात्याला, हरेगावला, संगमनेरला थाळी फिरते. संध्याकाळी दोन-तीन जण बसून चिल्लर मोजतात, वहीत आकडा लिहितात, तिघं सह्या करतात आणि रक्कम नाशिकला रवाना होते. पुढे ती जगभरच्या मिशनच्या नावानं जमा होते.